गोवर अंगावर दिसतोय, रिपोर्ट मात्र निगेटिव्ह: नमुना कोणाचा, कोणता आणि कधी घ्यायचा

सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांतून येणारे गोवर-रुबेलाचे नमुने तपासणं, पॅक करणं आणि पुढे पाठवणं हे माझं रोजचं काम. संक्रांतीपासून ऊन तापेपर्यंतच्या दिवसांत एक फोन हमखास येतो: "पोराकडं बघितलं की कळतंय गोवर आहे म्हणून, आणि लॅब निगेटिव्ह म्हणतीय." मग मी तेच प्रश्न विचारतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच घोळ सापडतो. ते सगळे प्रश्न इथे क्रमाने लिहून ठेवतोय, आधी फुकटातले आणि मग खर्चाचे. आरोग्य केंद्रातले डॉक्टर, सिस्टर, आशाताई, तंत्रज्ञ आणि पेठेतले लहान दवाखाने चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी हे लिहिलंय.

तुमच्याकडे नेमकं काय होतंय?

- ताप, पुरळ, खोकला, लाल डोळे असं सगळं आहे, तरी रक्तातली आयजीएम (नव्या संसर्गाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) चाचणी निगेटिव्ह.
- रिपोर्टवर 'इक्विव्होकल', म्हणजे धड हो नाही आणि धड नाहीही नाही.
- आयजीएम पॉझिटिव्ह, पण त्याच मुलाचा घशाचा स्वॅब निगेटिव्ह.
- नमुना तपासलाच नाही. 'हिमोलाइज्ड', 'प्रमाण अपुरं', 'नाव जुळत नाही' असा शेरा मारून परत.
- एकाच वस्तीत सात-आठ मुलं आजारी, पण पाठवलेल्या नमुन्यांतला एखादाच पॉझिटिव्ह.
- महिन्याभरात लस घेतलेल्या मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह.

त्याआधी, लेकरू कसं आहे?

नमुना आणि रिपोर्ट नंतर. मूल जोरजोरात श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय, पाणी किंवा दूध घेत नाही, झटका आला, गुंगीत आहे, डोळ्याचं बुबुळ पांढुरकं दिसतंय, तोंड आतून सोललंय, यातलं एकही असेल तर हे वाचणं थांबवा आणि त्याला सिव्हिलला किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. एक वर्षाच्या आतलं किंवा कुपोषित मूल असेल तर आणखी लवकर पाठवा. पुरळावर काचेचा ग्लास दाबून पाहा. लाली नाहीशी झाली नाही आणि मूल मलूल असेल तर तो गोवर नसून त्याहून घाईचं काही असू शकतं.

जीवनसत्त्व 'अ' रिपोर्टची वाट पाहत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ५० हजार, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख आणि वर्षाच्या वरच्या मुलाला २ लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस रोज एक डोस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याने चाचणीच्या निकालात काही फरक पडत नाही. "आधी रक्त घेऊ, मग डोस देऊ" म्हणून थांबू नका.

पहिली तपासणी: तारीख

यात पैसे लागत नाहीत, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. फॉर्मवर 'पुरळ उठल्याची तारीख' असा रकाना आहे. त्यात बहुतेक वेळा तापाची तारीख लिहिलेली असते, नाहीतर दवाखान्यात आल्याची.

गोवरात आधी ताप येतो, मग सर्दी-खोकला आणि लाल डोळे, आणि साधारण दोन ते चार दिवसांनी कानामागे, केसांच्या कडेला, कपाळावर पुरळ उठतं. तिथून ते चेहरा, छाती, पोट, हातपाय असं खाली उतरतं. म्हणजे तापाची तारीख लिहिली की सगळा हिशोब तीन-चार दिवसांनी पुढे सरकतो. फॉर्म म्हणतो 'पाचवा दिवस', आणि खरं तर तो पुरळाचा पहिला किंवा दुसरा दिवस असतो. पाचव्या दिवसाच्या निगेटिव्हला वजन आहे, पहिल्या दिवसाच्या निगेटिव्हला फारसं नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

याचं कारण शरीराच्या कामात आहे. आयजीएम चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं ती शोधते, आणि ती मोजण्याइतकी तयार व्हायला वेळ लागतो. पुरळ उठल्यापासून पहिल्या ७२ तासांत रक्त घेतलं, तर खराखुरा गोवर असलेल्या साधारण २० ते ३० टक्के रुग्णांत ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. चौथ्या दिवसापासून जवळपास सगळ्यांमध्ये ती पॉझिटिव्ह होते आणि महिनाभर तरी सापडते. म्हणूनच रक्तासाठी पुरळानंतरच्या २८ दिवसांची मुदत धरतात. विषाणूचं उलटं आहे. पुरळ उठायच्या सुमारास तो घशात भरपूर असतो आणि नंतर रोज कमी होत जातो.

पुरळ उठल्याचा दिवस 'शून्य' धरा आणि तिथून मोजा.

तारीख विचारायची कशी, हेही सांगतो. "कधीपासून आजारी आहे?" असं विचारलं की तापाचा दिवसच सांगितला जातो. मी असं विचारतो: "मावशी, ताप कधी आला ते राहू द्या. तोंडावर पहिला दाणा कधी दिसला?" तरीही आठवेना तर आठवडी बाजाराच्या आधी की नंतर, पगाराच्या दिवशी होता का, गुरुवारी अक्कलकोटला गेला होता तेव्हा अंगावर होतं का, असं धरून काढायचं. विडी घरकुलात किंवा यंत्रमागाच्या वस्तीत आई कामावर असते आणि मूल आजीजवळ. अशा घरात आजीलाच विचारा, पहिला दाणा तिनेच पाहिलेला असतो. ती तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असेल तर शेजारची एखादी मुलगी मध्ये घ्या. अर्धवट समजून तारीख लिहू नका. 'अंगावर आलंय' म्हणून कुटुंबाने काही दिवस घरातच कडुलिंबाचा पाला ठेवला असेल तर त्यावरून रागावूही नका. रागावलं की पुढचा माणूस तारीख पुढे ढकलून सांगतो, आणि नुकसान आपलंच होतं.

दुसरी तपासणी: पुरळ पुन्हा पाहा, उजेडात

ट्यूबलाइटखाली, घाईच्या ओपीडीत सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. मुलाला दाराशी उजेडात घ्या, शर्ट काढा, पाठ आणि कानामागचा भाग पाहा. गोवराचं पुरळ सपाट किंवा किंचित उचललेलं असतं, त्यात पाणी नसतं. पाणी भरलेले फोड म्हणजे कांजिण्यांकडे लक्ष द्या. तळहात-तळपाय आणि तोंडातच जास्त असेल तर हात-पाय-तोंडाचा आजार आठवा. गोवराचं पुरळ ओसरताना तपकिरी डाग राहतात आणि कातडीचा बारीक कोंडा सुटतो. उशिरा आलेल्या मुलात ही खूण फार उपयोगी पडते.

गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, लाल पार्श्वभूमीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ते कॉप्लिकचे ठिपके. ते पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ उठल्यावर लवकर जातात, त्यामुळे न दिसल्याने काही सिद्ध होत नाही.

म्हणून मग ज्याच्याकडे सगळी लक्षणं 'पुस्तकी' आहेत त्याचाच नमुना घ्यायचा का? तर नाही. ताप आणि असं पुरळ एवढं असेल, किंवा डॉक्टरांना गोवराची शंका आली असेल, तर तो संशयित. खोकला नाही, डोळे लाल नाहीत म्हणून वगळू नका. रुबेला सौम्य असतो आणि तो याच जाळ्यात सापडतो. नीट घेतलेल्या नमुन्यावर आलेला निगेटिव्ह रिपोर्टसुद्धा कामाचा असतो. लाखामागे दरवर्षी किमान दोन संशयित 'गोवर नाही, रुबेलाही नाही' असे ठरले, तरच त्या भागात शोध नीट चाललाय असं मानतात. गोवर-रुबेला निर्मूलनासाठी देशाने २०२६ सालचं लक्ष्य ठेवलंय, आणि एखाद्या भागातून नमुनेच येत नसतील तर तिथे गोवर नाही असं कुणीही म्हणू शकत नाही.

तिसरी तपासणी: लसीचं कार्ड

कार्ड मागा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. "सगळ्या सुया झाल्यात" या वाक्यात पोलिओचे थेंबही येतात. एमआर (गोवर-रुबेला) लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, १२ महिन्यांपर्यंत, आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दोन्ही तारखा फॉर्मवर उतरवा.

कार्डाने नमुना दोन प्रकारे बदलतो. पहिला प्रकार: लस गेल्या सहा आठवड्यांत दिलेली आहे. या लसीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. काही मुलांना ७ ते १४ दिवसांनी ताप आणि हलकं पुरळ येतं, आणि लसीमुळेही आयजीएम पॉझिटिव्ह होतं. रक्तावरून लसीचा विषाणू आणि फिरता गोवर वेगळे करता येत नाहीत. घशाच्या स्वॅबवरून विषाणूचा जीनोटाइप, म्हणजे त्याचा वाण, काढता येतो. लसीचा 'ए' निघाला तर लसीमुळे आलेलं पुरळ, दुसरा कुठला निघाला तर खरा संसर्ग. म्हणून अशा मुलात स्वॅब घ्याच. वस्तीत साथ चालू असताना मोहीम म्हणून लस दिली जाते, तेव्हा हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो.

दुसरा प्रकार: दोन्ही डोस झालेत, वर्षं उलटलीत, आणि तरी आजार झालाय. हे क्वचित होतं. अशा माणसात आयजीएम कमी चढतं, कधी चढतच नाही, आणि आजारही सौम्य असतो. तिथे एकट्या रक्तावर विसंबलं तर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. स्वॅब हवा.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाबद्दल विचारतात, "आईच्या प्रतिपिंडांमुळे रिपोर्ट चुकेल का?" आईकडून वारेतून बाळाकडे जातात ती आयजीजी या दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं. आयजीएम जात नाही. बाळाच्या रक्तात आयजीएम सापडलं तर ते त्याने स्वतः तयार केलेलं असतं. बाळ लहान आहे, शीर सापडत नाही, म्हणून त्याच्या पाच वर्षांच्या ताईचं रक्त पाठवून मोकळं होऊ नका.

चौथी तपासणी: नळी, झाकण, नाव

ही झटपट बघा. रक्त साध्या नळीत, लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या. जांभळं झाकण म्हणजे ईडीटीए, ती हिमोग्राम-प्लेटलेटची नळी. डेंगीच्या धावपळीत हात सवयीने तिच्याकडे जातो. आपल्याला सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी) पाठवायचंय, ते त्यातून मिळत नाही. मोठ्या मुलाचं ४ ते ५ मिलि रक्त घ्या, तान्ह्याचं १ मिलि चालतं. हातात किमान अर्धा मिलि सीरम यायला हवं, कारण गोवर निगेटिव्ह निघाला तर रुबेलाची चाचणी त्याच सीरमवर करायची असते.

नळीवर नाव, क्रमांक आणि नमुन्याची तारीख पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या पेनाने. एकाच घरातली दोन भावंडं असतील तर फॉर्म भरूनच सुई उचला. दोघांच्या नळ्या खिशात ठेवून "नंतर लिहितो" म्हटलं की अदलाबदल झालीच म्हणून समजा.

पाचवी तपासणी: रक्त का फुटतं?

परत आलेल्या नमुन्यांत 'हिमोलाइज्ड'चा वाटा मोठा असतो. लाल पेशी फुटून सीरम लालसर होतं आणि चाचणीच्या रंगात गडबड होते. कारणं ठरलेली आहेत: स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणं, सिरिंज जोरात ओढणं, सुई न काढता तीच नळीत दाबून रिकामी करणं, नळी हलवणं, आणि ताजं रक्त थेट बर्फाला टेकवणं.

रक्त घेतल्यावर नळी उभी ठेवा, सावलीत, अर्धा ते एक तास. गुठळी नीट आवळू द्या. मग सेंट्रिफ्यूज करून सीरम दुसऱ्या स्वच्छ नळीत काढा. उपकेंद्रावर सेंट्रिफ्यूज नसतं. तेव्हा गुठळी झाल्यावर नळी २ ते ८ अंशांत ठेवा आणि २४ तासांच्या आत सेंट्रिफ्यूज असलेल्या ठिकाणी पोचवा. अख्खं रक्त गोठवू नका, कधीच नाही.

सहावी तपासणी: स्वॅब

स्वॅबचं टोक पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं आणि काडी प्लास्टिकची हवी. कापूस गुंडाळलेली लाकडी काडी पीसीआरला, म्हणजे स्वॅबमधला विषाणू शोधणाऱ्या चाचणीला, अडथळा करते. हा विषाणू पेशींच्या आत असतो, त्यामुळे नुसती लाळ पुसून घेतली तर हाती काही लागत नाही. जीभ दाबा, दोन्ही टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत नीट घासा. मूल ओकल्यासारखं करेल, रडेल. आईला आधी सांगून ठेवा, म्हणजे ती मध्येच हात धरणार नाही. टोक व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या नळीत) मोडून झाकण घट्ट लावा. व्हीटीएमचा गुलाबी रंग पिवळा पडलाय किंवा ते गढूळ झालंय, तर दुसरी नळी घ्या.

मास्क लावून घ्या, शक्यतो एन-९५, आणि जो स्वॅब घेईल त्याची स्वतःची लस झालेली असावी. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. ओपीडीच्या बाकावर इतर लेकरांच्या मधोमध स्वॅब घेऊ नका.

घशाला हातच लावू देत नसेल तर लघवी चालते, सकाळची पहिली, १० ते ५० मिलि. इथेही पेशीच हव्या असतात, म्हणून ती थंड ठेवून पोचवायची आणि सेंट्रिफ्यूज करून तळाचा साका व्हीटीएममध्ये घ्यायचा. त्याआधी गोठवायची नाही. माझा कल घशाच्या स्वॅबकडेच आहे, कारण लघवी वाटेतच वाया जाते.

रक्त की स्वॅब, की दोन्ही?

दिवस ० ते ३: दोन्ही घ्या. स्वॅबवर भरवसा जास्त. रक्त निगेटिव्ह आलं तर ते अंतिम मानू नका.

दिवस ४ आणि ५: दोन्ही घ्या. यापेक्षा चांगली वेळ मिळत नाही.

त्यानंतर २८ दिवसांपर्यंत: रक्त मुख्य. पीसीआरला दहा-बारा दिवसांनंतरही कधी कधी विषाणूचा आरएनए सापडतो, पण न सापडल्याने काही सिद्ध होत नाही. वर लिहिलेल्या 'आयजीएम पॉझिटिव्ह, स्वॅब निगेटिव्ह' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. स्वॅब उशिरा घेतला गेला. अशा वेळी स्वॅबचा निगेटिव्ह रक्ताच्या पॉझिटिव्हला खोडत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांभोवती कोप्या पडतात. आज मोहोळ-माढ्याकडे असलेलं कुटुंब रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्या फडावर, नाहीतर कर्नाटकात गेलेलं असतं. त्या मुलाचं 'दुसरं रक्त आठवड्याने घेऊ' हे होणारच नाही. म्हणून फिरत्या कुटुंबातल्या मुलाचा, दिवस कितवाही असो, पहिल्याच भेटीत रक्त आणि स्वॅब दोन्ही घ्या. मुकादमाचा फोन नंबरही लिहून घ्या. आषाढी वारीच्या काळात पंढरपुरात बाहेरगावचा संशयित सापडला तरी हेच करा, आणि मूळ गाव-तालुका फॉर्मवर स्पष्ट लिहा. पुरळाच्या आधीच्या ७ ते २१ दिवसांत मूल कुठे होतं ते विचारा, संसर्ग तिथला असतो.

सातवी तपासणी: थंडावा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. करमाळ्याहून किंवा मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्या कॅरियरमधले आइसपॅक दुपारपर्यंत पाणी झालेले असतात. सीरममधली प्रतिपिंडं त्यामानाने टिकाऊ असतात. विषाणू उष्णतेला फार नाजूक आहे. त्यामुळे एकाच डब्यातून आलेलं रक्त पॉझिटिव्ह आणि स्वॅब निगेटिव्ह असं दिसलं, आणि दिवस तर तिसराच होता, तर थंडाव्यावर संशय घ्या. कॅरियर उघडल्यावर आइसपॅकमध्ये बर्फ शिल्लक होता का, हे नमुना घेणाऱ्याने लिहून ठेवलं की पुढचा वाद मिटतो.

स्वॅब २ ते ८ अंशांत ठेवून ४८ तासांत पोचवायचा. इथून पुण्या-मुंबईकडे नमुना जायचा म्हणजे शुक्रवारी दुपारी घेतलेला स्वॅब रविवारच्या सुट्टीत अडकतो. आधी पुढच्या लॅबला फोन करा, शनिवारी कोण घेणार ते विचारा, मगच गाडी काढा. थांबावंच लागणार असेल तर उणे ७० अंशांचं फ्रीझर लागतं. घरगुती डीप फ्रीझरचं उणे २० विषाणूला मानवत नाही. नमुने लसीच्या आयएलआरमध्ये (लस साठवायच्या फ्रीजमध्ये) ठेवू नका, आणि लसीचा कॅरियर तोच वापरू नका.

वस्तीत साथ आहे, तर कोणाकोणाचे नमुने?

एकाच भागातून चार आठवड्यांत पाच किंवा जास्त संशयित आले, किंवा गोवरसदृश आजारात मृत्यू झाला, तर साथ समजून कामाला लागायचं. इथे दर मुलामागे सुई धरायची गरज नसते. पहिल्या ५ ते १० रुग्णांचे नमुने घेऊन गोवर सिद्ध झाला की त्यांच्याशी संपर्काचा धागा जुळणारे बाकीचे त्यावरून ठरवता येतात. पण ते पाच-दहा कोण निवडले, यावर सगळं अवलंबून आहे.

प्रत्यक्षात निवड अशी होते: ज्या घरात आई ओळखीची आहे ते घर, जे मूल रडत नाही ते मूल, आणि एकाच घरातली तीन भावंडं. तीन भावंडांच्या पॉझिटिव्हवरून एका घराची साखळी कळते, वस्तीची नाही. त्यात सगळी कालच पुरळ उठलेली असतील तर रक्तं निगेटिव्ह येतात आणि 'साथ गोवराची नाही' असा चुकीचा निरोप वर जातो.

मी असं सुचवतो. रक्तासाठी पुरळाला ४ दिवस होऊन गेलेली, २८ दिवसांच्या आतली मुलं निवडा. स्वॅबसाठी त्या दिवशीची सगळ्यात ताजी पुरळं, तीन-चार पुरेत. घरं वेगवेगळी, गल्लीच्या दोन टोकांची. एक तरी बाळ नऊ महिन्यांच्या आतलं, एक तरी लस झालेलं मूल, आणि मोठा माणूस आजारी असेल तर तोही. सगळ्यात आधी आजारी पडलेल्याला विसरू नका. तो बरा होऊन शाळेत गेला असेल, पण २८ दिवस झाले नसतील तर त्याच्या रक्तातून साथ कुठून सुरू झाली ते कळतं. सहा आठवड्यांत लस घेतलेल्यांना या पहिल्या निवडीत घेऊ नका, त्यांचा विचार स्वॅबसह वेगळा करा. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे उठलेली साथ पुढे भिवंडी-मालेगावपर्यंत दिसली. एवढ्या वेगाने पसरणाऱ्या आजारात निवड चुकल्यामुळे गेलेला आठवडा भरून काढता येत नाही.

दुसरा नमुना

तारीख बरोबर, नळी बरोबर, थंडावा बरोबर, आणि रक्त पहिल्या तीन दिवसांतलं, निगेटिव्ह किंवा इक्विव्होकल. मग दुसरं रक्त घ्यायचं, पुरळाला चार दिवस उलटल्यावर, शक्यतो पहिल्यानंतर आठवड्याभराने आणि २८ दिवसांच्या आत. रुबेलात आयजीएम आणखी सावकाश चढतं. पुरळाच्या दिवशी घेतलेल्या रक्तात साधारण निम्म्या रुग्णांमध्येच ते सापडतं. तिथे पाच दिवसांनंतरचं रक्तच खरं.

पालक दुसऱ्यांदा सुई टोचू द्यायला कुरकुरतात, ते स्वाभाविक आहे. पहिल्याच वेळी सांगून ठेवलं तर ऐकतात: "ताई, आज पहिला दिवस आहे, रक्तात अजून आलं नसेल. पुढच्या सोमवारी परत एकदा लागेल." दुसरा नमुनाही चौथ्या दिवसानंतरचा आणि निगेटिव्ह असेल, लस झालेली नसेल, तर बहुतेक तो गोवर नाही. डेंगी, पार्व्होव्हायरस (पुरळ आणणारा दुसरा एक विषाणू), औषधाची ॲलर्जी यांचा विचार डॉक्टरांनी करावा.

इथे थांबा आणि वर कळवा

पुढच्या बाबतीत आणखी नमुने घेत बसू नका. ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्ह्याचे लसीकरण पाहणारे अधिकारी, शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे सर्वेलन्स मेडिकल ऑफिसर यांच्याशी बोला.

गरोदर बाईला पुरळ आलंय किंवा ती संशयिताच्या संपर्कात आलीय. हे त्याच दिवशी, स्त्रीरोगतज्ज्ञांसह. रुबेला असेल तर पोटातल्या बाळाचा प्रश्न असतो, आणि एका आयजीएम रिपोर्टवर कुणीही तिला काही निर्णय सांगू नये. आयजीजीची अ‍ॅव्हिडिटी (प्रतिपिंडं किती घट्ट चिकटतात ते), जोडीचे (काही दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन) नमुने असं पुढचं काम मोठ्या लॅबचं आहे.

गोवरसदृश आजारात मृत्यू. मेंदूत सूज आल्याची लक्षणं. कॅन्सर, एचआयव्ही किंवा स्टिरॉइडवर असलेला रुग्ण, ज्याला पुरळ न येताही गोवर असू शकतो. दोन्ही डोस झालेल्या माणसात दाट संशय, पण रक्त निगेटिव्ह. नुकतीच लस आणि आयजीएम पॉझिटिव्ह. आसपास कुठेच गोवर नसताना आलेला एकटाच पॉझिटिव्ह, कारण डेंगी, पार्व्होव्हायरस किंवा रुमॅटॉइड फॅक्टरमुळे (संधिवातात आढळणाऱ्या प्रतिपिंडामुळे) आयजीएम खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. यांचा निकाल लॅब, क्लिनिकल चित्र आणि संपर्काचा इतिहास एकत्र ठेवूनच लावतात. ते काम आपल्या पातळीवर होत नाही.

फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: पुरळाची तारीख आणि ती कोणी सांगितली, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, लसीच्या दोन्ही तारखा कार्डावरून, नमुन्याचा प्रकार, तो किती वेळ कोणत्या तापमानात होता, पुरळाआधीच्या तीन आठवड्यांतला प्रवास, आणि उजेडात काढलेला पुरळाचा एक फोटो, आई-वडिलांना विचारून.